कसं कळलं ते सांगा

विज्ञानाचं एखादं सोपं पुस्तक सुचवा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं स्टीफन हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम’चं. १९८८ सालचं हे पुस्तक जगभर लाखो घरांत पोहोचलं आणि त्यांतल्या कितीतरी घरांत अर्धवट राहिलं. दोष वाचकांचा नाही. समीकरणं नकोत म्हणून हॉकिंगने आइन्स्टाइनचं तेवढं एक ठेवलं, बाकीची काढली आणि त्यांच्याबरोबर निष्कर्षापर्यंतची वाटही बरीचशी गेली. काल्पनिक काळाच्या प्रकरणात वाचकाने मान डोलवायची, एवढंच उरतं. कीर्तनातही आपण तेच करतो, आणि तिथे निदान टाळ तरी असतात.

माझी शिफारस १८८१ सालच्या पुस्तकाची आहे. चार्ल्स डार्विनने मरणाच्या आदल्या वर्षी गांडुळांवर एक पुस्तक लिहिलं. उत्क्रांतीवर जगभर वादळ उठवून झाल्यावर हा म्हातारा घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून बसला होता. त्यांना ऐकू येतं का? शिटी वाजवली, बसून नावाच्या वाद्याचे मोठ्यात मोठे सूर ऐकवले, गांडुळं ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि पट्टी दाबली. गांडुळं झटकन बिळात. म्हणजे आवाज कळत नाही, कंप कळतो. पुढचा प्रश्न अक्कल असण्याचा. गांडूळ पान बिळात ओढतं ते सोयीच्या टोकाकडून ओढतं, की हाताला लागेल तसं (हात नसले तरी)? डार्विनने कागदाचे लांबट त्रिकोण कापले, ओलीने लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि रात्री बाहेर पसरले. ओढलेल्या ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के निमुळत्या टोकाकडून आत गेले होते. हा प्रयोग कात्री असलेल्या कुणालाही करता येईल. करून निकाल वेगळा आला, तर डार्विनशी भांडताही येईल.

याच पुस्तकातली दुसरी गोष्ट धीराची. १८४२ च्या डिसेंबरात डार्विनने घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. एकोणतीस वर्षांनी तिथे चर खणला. खडूचा पांढरा पट्टा जमिनीखाली सात इंचांवर सापडला. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहिली आणि खडू खाली जात राहिला. अतिसूक्ष्म गोष्ट अतिदीर्घ काळ चालली की काय होतं, हे उत्क्रांतीचं मर्मच त्या चरात दिसतं.

मायकेल फॅरेडेच्या मेणबत्तीवरच्या सहा व्याख्यानांचं पुस्तक याच जातीचं आहे. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून तो मेणाची वाफ बाहेर काढतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवतो. जळते ती वाफ, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. हा फॅरेडे स्वतः पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा पोरगा होता. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक त्याच्या हाती आलं, तेव्हा जमतील तेवढे छोटे प्रयोग करून त्याने ते आधी पडताळून पाहिलं. मगच विश्वास ठेवला.

मराठीत विज्ञानलेखन जुनं आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचं. पण आपला ओढा शास्त्रज्ञांच्या चरित्राकडे. अच्युत गोडबोले यांचं ‘किमयागार’ हातातून सुटत नाही, तरी मिटल्यावर माणसं जास्त आठवतात, प्रयोग कमी. जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मी आधी देईन. त्यामागचा माणूस पडताळ्याचा होता. ज्योतिषाबद्दल नुसतं मत देऊन ते थांबले नाहीत. २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर त्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवून कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून थोडं बरं जमलं असतं.

तंत्रज्ञानावर एकच पुस्तक घ्यायचं, तर हेन्री पेट्रोस्की या स्थापत्य अभियंत्याचं ‘टू इंजिनिअर इज ह्यूमन’ (१९८५). यशस्वी यंत्रांचे गोडवे बाजारात भरपूर आहेत. हा माणूस मोडलेल्या गोष्टी उचकटतो. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल खाली आले आणि ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल एकाच लांब सळीला टांगलेले होते. बांधणं सोपं जावं म्हणून सळीचे दोन तुकडे झाले: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. दोघं जण एकाच दोराला धरून लोंबत असतील, तर दोघांच्या मुठींवर आपापलं वजन. खालच्याने वरच्याचे पाय धरले, की वरच्याची मूठ दोघांचं पेलते. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर भार दुप्पट झाला. कागदावर हा बदल किरकोळ दिसत होता आणि तो मंजूरही झाला. पुढे चौकशीत निघालं की मूळची अखंड सळी असती तरी ती जोडणी शहराच्या बांधकाम नियमांत बसली नसती.