बांधीतलं पाणी आणि चाळीस सर्व्हर

लाखनी,
आषाढ

चि. बाई,

काल फोनवर म्हणालीस, "आजोबा, आता चाळीस सर्व्हरांवर मला एकेक करून जावं लागत नाही, फॅब्रिक जातं," तेव्हा फार बरं वाटलं. दिवाळीत ओसरीवर बसून तू मला हे पायथनचं मॉड्यूल समजावत होतीस, आजी चिवड्याचं ताट घेऊन दोनदा येऊन गेली तरी तुझं बोलणं थांबेना, ते सगळं माझ्या ध्यानात आहे बरं. आज्ञा एकदा लिहून ठेवायच्या आणि एसएसएचच्या वाटेनं दूरच्या यंत्रांवर धाडायच्या. ती वाट १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेननं काढली, कारण विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपत होतं. फॅब्रिकच्या पोटात जे पॅरामिको आहे, त्याच्या नावात संशयही आहे आणि मैत्रीही, हे तूच सांगितलंस. मला ते नाव फार आवडलं. तेच तेच टाइप करण्यातली तुझी सकाळ वाचते, ती तांदळासारखी जपून वापर.

तुझ्या समजुतीवर माझा पूर्ण भरवसा आहे. मन धास्तावलं ते एका शब्दानं. फॅब्रिकचा सिरियलग्रुप सर्व्हरांवर एकामागून एक जातो, म्हणून तू त्याचा थ्रेडिंगग्रुप लावणार, सगळीकडे "एकदम".

असं "एकदम" मीही एकदा केलं होतं. बाविशीत असताना भाताच्या रोवणीच्या आदल्या रात्री मी बोडीचं पाणी सोडलं होतं. आपल्या पाच बांध्या कशा उतरत्या आहेत, तू पाहिल्यातच. माझ्या बाबांची रीत अशी, की वरच्या धुऱ्याला वीतभर तोंड पाडायचं, खाली काडी रोवून पाणी कुठवर चढतं ते बघायचं, आणि मगच पुढचं तोंड. मला झोप आवरेना. पाचही तोंडं एका दमात फोडली आणि घरी आलो. पहाटे चारला कंदील घेऊन गेलो, तर खालचा धुरा फुटलेला, कोपऱ्यातले पऱ्हे नाल्याच्या गाळात आडवे. बाबा एक शब्द बोलले नाहीत, फावडं उचलून धुरा बांधू लागले. शेजारून पऱ्हे मागून आणले, रोवणी आठ दिवस लांबली.

म्हणून आधी एकाच सर्व्हरवर जा, काडी रोवून बघ. मग तीन. मग हवं तर सगळे. आणि फॅब्रिक सांगितलेलं निमूट करतं, ते आधी झालंय का हे आपणहून विचारत नाही. सेटिंगच्या फायलीत ओळ जोडणारी आज्ञा दोनदा धाडलीस तर ओळही दोनदा बसेल. तेव्हा ओळ आहे का हे आधी तपासायला लाव, जुन्या फायलीची प्रत काढून ठेव, आणि हे काम दमलेल्या संध्याकाळी नको, पहाटे उठून कर.

यंदा पऱ्हे वीतभर झालेत, अगदी हिरवेगार. सोमवारी रोवणी लागेल. सुटी मिळाली तर नागपूरहून साकोलीची बस धर, मी लाखनीच्या स्टँडवर येतो.

तुझे आजोबा