उरलेली चिठ्ठी

१८ जानेवारी २०२१, ग्रामपंचायतींच्या मतमोजणीचा दिवस. कोरोनामुळे त्या वर्षी सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली नव्हती. त्यामुळे की काय, यात्रेची सगळी गर्दी मोजणीच्या आवाराबाहेर जमल्यासारखी वाटत होती. मी बातमीदाराच्या पासावर आत होतो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही.

एका प्रभागात दोघींना सारखी मतं पडली. नात्याने चुलत जावा, भांडणाने सख्ख्या. फेरमोजणी झाली, आकडा तोच. मग ईश्वरचिठ्ठी. अधिकाऱ्याने एका कोऱ्या कागदाचे दोन सारखे तुकडे केले, नावं लिहिली, दोघींना दाखवली, घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवला. कुणाची तरी पाच-सहा वर्षांची मुलगी टेबलाशी उभी केली. मास्क तिच्या डोळ्यांपर्यंत आला होता, त्यामुळे डोळे बांधायची गरजच नव्हती. तिने चिठ्ठी काढली, नाव वाचलं गेलं, आणि बाहेर हलगी कडाडली.

हरलेली बाई मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "सायेब, ती उरलेली पण उघडा की."

"मघाशी दाखवल्या होत्या ना दोन्ही?" कुणीतरी मागून बोललं. एक-दोघं हसले. अधिकाऱ्याच्या कपाळावर आठी आली, पण त्याने डब्यात हात घातला, उरलेली चिठ्ठी उलगडली आणि तिच्यापुढे धरली. तिचंच नाव होतं. अक्षरांवरून बोट फिरवत तिने ते वाचलं, पदर सारखा केला, सांगितलं तिथे सही केली आणि गेली.

आमदार-खासदारांच्या निवडणुकीच्या कायद्यात अशा वेळी ज्याची चिठ्ठी निघाली त्याला एक जादा मत मिळालं, असं धरायची तरतूद आहे. ते मत कुणाचं, हे कायदा सांगत नाही. आपण भाषेत सांगून टाकलं आहे.

त्या बाईने मला एक गोष्ट शिकवली. मोजणी असते ती हरणाऱ्यासाठी. जिंकणाऱ्याला ती कशी झाली याच्याशी काय देणंघेणं? त्याचा गुलाल आधीच पोत्यात भरून आलेला असतो. रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्याला रात्री झोप लागावी म्हणून हे सगळं टेबल, कुंपण, सह्या, लाखेची सीलं. फरक लाखाचा असेल तर झोप आपोआप लागते. फरक थोडका असला की खरी कसोटी.

अशी एक कसोटी राज्यपालपदासाठी लागली होती, पण ती अमेरिकेत. आपल्याकडे राज्यपाल निवडून येत नाही, राष्ट्रपती नेमतात. घटनेच्या मसुद्यात मात्र राज्यपाल थेट मतदारांनी निवडावा, असाही एक पर्याय होता. मे १९४९ च्या अखेरीस घटना समितीने तो सोडून दिला. निवडून आलेला मुख्यमंत्री आणि निवडून आलेला राज्यपाल एका म्यानात राहायचे नाहीत, ही धास्ती होती. त्यामुळे ज्या माणसाने सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून नोकरी सुरू केली, ते सुशीलकुमार शिंदे ४ नोव्हेंबर २००४ ला आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले तेव्हा कुणाला मतं मोजावी लागली नाहीत. नुकतीच विधानसभा जिंकून देणारा मुख्यमंत्री हैदराबादच्या राजभवनात का गेला, याची चर्चा मात्र सोलापुरात बरेच दिवस चालली.

त्याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गव्हर्नरपदासाठी मतदान झालं होतं. सुमारे अठ्ठावीस लाख मतं. पहिल्या मोजणीत डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे. यंत्रावरच्या फेरमोजणीत आघाडी उरली ४२. मग प्रतिस्पर्धी पक्षाने पदरचे पैसे भरून हाताने मोजणी मागितली. निकाल फिरला तर पैसे परत, अशी तिथली रीत. ही मोजणी चालू असताना किंग काउंटीत सहीची पडताळणी झाली नाही म्हणून बाजूला पडलेली काही शे मतं सापडली. त्या मतदारांच्या यादीत तिथल्याच काउंटी परिषदेच्या अध्यक्षाचंही नाव निघालं! शेवटी क्रिस्टीन ग्रेगॉर १२९ मतांनी निवडून आल्या.

रॉसी कोर्टात गेले. जून २००५ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की अपात्र लोकांची मतं पडली आहेत, शेकड्यांनी पडली आहेत. पण ती कुणाला पडली याचा पुरावा नाही. म्हणून निकाल कायम. रॉसींनी वरच्या कोर्टात न जाता विषय तिथेच संपवला. त्यांना पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण जेवढ्या चिठ्ठ्या उघडता येण्याजोग्या होत्या तेवढ्या त्यांच्यापुढे उघडल्या गेल्या होत्या.

हे सातासमुद्रापारचं झालं. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं काय? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला उत्तमराव जानकर तेरा हजारांवर मतांनी निवडून आले, पण मारकडवाडीत त्यांना ८४३ आणि प्रतिस्पर्धी राम सातपुतेंना १००३ मतं. गाव म्हणालं, हे होणंच शक्य नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. गंमत पाहा, शंका जिंकलेल्या बाजूची होती. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, उलट गुन्हे दाखल झाले. चार-पाच दिवसांनी शरद पवार येऊन गेले, आणि गावाचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं.

मला त्या मतदानाचा मार्ग पटला नव्हता. गावच्या मांडवात, गावकीच्या नजरेखाली दुसऱ्यांदा मत द्यायचं म्हणजे गुप्त मतदान राहिलं कुठे? आणि त्या १००३ जणांचा विचार कुणी केला? समजा, त्यांनी खरोखरच ते बटण दाबलं असेल. मग "आमच्या गावात असं मत पडूच शकत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडावर म्हटलं जात होतं. भावकीत राहायचं, एका विहिरीच्या पाळीवर भिजवण करायची, आणि उठून सांगायचं की तो मी होतो? कुणाची छाती होईल?

पण मागणीचा मार्ग चुकला म्हणून प्रश्न चुकत नाही. मतदान यंत्राशेजारच्या काचेआड सात सेकंद एक चिठ्ठी दिसते आणि डब्यात पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताळा घेतात. बाकीच्या डब्यातच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने खर्च भरला तर पाच टक्के यंत्रं तपासून मिळतील, अशी वाट ठेवली. यंत्रात खोट आहे असं मला वाटत नाही. वेळ लागतो, माणूस लागतो, हेही खरं. पण "मघाशी दाखवल्या होत्या ना?" एवढंच उत्तर असेल तर ते मागून हसणाऱ्यांचं उत्तर झालं. त्या अधिकाऱ्याला अर्धं मिनिट लागलं होतं आणि थोडा राग गिळावा लागला होता. जमावबंदीपेक्षा ते स्वस्त पडलं.

ती बाई मध्यंतरी सोलापूरच्या स्टँडवर भेटली. तिच्या जावेने पाच वर्षांत काय केलं नाही, याची यादी तिला तोंडपाठ होती. मी विचारलं, अजून राग आहे?

"हरल्याचा हाय," ती म्हणाली, "चिठ्ठीचा न्हाई." मग आता प्रभागाला आरक्षण कुठलं पडतं ते मलाच विचारू लागली. तेवढ्यात एसटी लागली आणि खिडकीतून जागा धरायला तिने पिशवी आत टाकली.