केरसुणीचा दोष कोणाचा?

गृहस्थाच्या घरात रोज पाच ठिकाणी हिंसा घडते, असे मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो: चुलीत, जात्यात, केरसुणीखाली, उखळात आणि पाण्याच्या घड्यात. केर काढताना किडामुंगी मरते, म्हणून स्वच्छतेलाही हिंसेची बाजू आहे, हे त्या काळच्या विचारवंतांना दिसले होते. या पंचसूनांचा दोष फेडावा म्हणून पंचमहायज्ञ सांगितले गेले, आणि गोव्या-कोकणातल्या जुन्या घरांत नित्यनेमाने होणाऱ्या वैश्वदेवामागेही हीच समजूत होती. यातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. केरसुणी कोणीही फिरवो, घरची सून की कामाची बाई, दोष मांडला जातो तो गृहस्थाच्या खात्यावर. स्वच्छ घर त्याला हवे आहे, म्हणून त्यापायी होणारी हानीही त्याची. मुंगीच्या बाबतीत हा हिशेब इतका काटेकोर ठेवणारी परंपरा, केरसुणी धरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा हिशेब कोणाकडे मागेल? माझ्या मते उत्तर तेच आहे, आणि ते आपण आजच्या धंद्याला लावायला हवे.

पेडणे तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हा किनारा आता बराचसा पाहुण्यांवर जगतो, आणि 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पाहुणा थेट तालुक्यातच उतरू लागला. पावसाळ्याचे चार महिने बंद राहिलेल्या खोल्यांत ओल भरते. गालिचे, सोफे, गाद्या, पडदे यांना बुरशी आणि कुबट वास धरतो. मग हंगामाच्या तोंडावर सफाईची घाई सुटते. दोन-तीन पोरे, एक व्हॅक्यूम, एक पाणी ओढणारे मशीन आणि रसायनांचे कॅन घेऊन खोल्यामागून खोल्या उरकतात. गालिचाची सफाई दिसायला निरुपद्रवी वाटते. पण कोरड्या गालिचातून धूळ, बुरशीचे कण आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे अवशेष उडतात. शॅम्पूत अनेकदा असणारे ब्यूटॉक्सीइथेनॉल धडधाकट कातडीतूनही शरीरात शिरते. डाग काढायच्या काही द्रावणांत ट्रायक्लोरोएथिलीन वापरले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये त्याला निश्चित कर्करोगकारक ठरवले. ड्रायक्लीनिंगच्या परक्लोरोएथिलीनला तिने त्याआधीच 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. न्हाणीघरातले ब्लीच आणि अ‍ॅसिड एका बादलीत पडले की क्लोरीन वायू सुटतो. पाणी आणि वीज एकाच वेळी हातात असतात, फरशी निसरडी असते, आणि भिजलेला गालिचा जिन्यावरून उतरवताना कंबर जाते. यांतले बरेचसे त्या दिवशी जाणवतच नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा हजारांहून अधिक माणसांची श्वसनक्षमता सुमारे वीस वर्षांच्या काळात तपासली होती. सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांची क्षमता इतरांपेक्षा वेगाने घटलेली आढळली, आणि घरची सफाई करणाऱ्या स्त्रियांचीही. पुरुषांत ही घट तशी दिसली नाही, पण त्या पाहणीत सफाईकाम करणारे पुरुष थोडेच होते. वीस वर्षांनी लागणारा दम कोणत्या हॉटेलच्या कोणत्या खोलीतून आला, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच हा प्रश्न कोर्टाच्या आधी धर्माचा आहे: पुरावा उरत नाही, तिथेही कर्तव्य उरते.

शौच हे मूल्य आपल्याकडे मोठे आहे, यात शंका नाही. पण पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा पहिला यम आहे आणि शौच हा नियमांतला पहिला. यम आधी येतात, नियम नंतर. हा क्रम मी योगायोग मानत नाही. दुसऱ्याला इजा करून मिळवलेली शुद्धी या शास्त्राच्या हिशेबात शुद्धीच ठरत नाही. गोव्यात शेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या ग्रंथातही हाच विचार सापडतो. बायबलच्या जुन्या करारातले अनुवाद हे पुस्तक सांगते की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणाऱ्याने जपून चालायला हवे होते, अशी पळवाट तिथे ठेवलेली नाही. आणि इतक्या दूर कशाला जायचे? पेडण्याच्या गावांत शिवेवरच्या राखणदाराला गाऱ्हाणे घालतात, तेव्हा मुलाबाळांसाठी, गुराढोरांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी राखण मागतात. कर्नाटकातून किंवा झारखंडातून पोटासाठी आलेला सफाईवाला त्या शिवेच्या आतच काम करतो. त्याची राखण देवाकडे मागायची आणि हातमोजे मात्र त्याच्या मजुरीतून घ्यायला लावायचे, या दोन गोष्टी एका माणसाच्या तोंडी शोभत नाहीत.

यावर पहिला आक्षेप प्रारब्धाचा. ज्याच्या वाट्याला जे काम आले, त्यातले दुःख त्याच्या पूर्वकर्माचे. मालक फक्त निमित्त. हा युक्तिवाद कर्मसिद्धांताला उलटे टांगतो. तो सिद्धांत माणसाला आपल्या कृतीचा जाब विचारण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या आजाराचे कारण त्याच्या गेल्या जन्मात शोधणारा माणूस या जन्मातल्या स्वतःच्या कर्माकडे, बंद खिडकीकडे आणि लेबल नसलेल्या बाटलीकडे, पाठ फिरवतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्यही आहे. ज्या ग्रंथातून मी हिशेब घेतो, त्याच ग्रंथाने झाडू कोणाच्या हाती जन्मभर राहावी हेही ठरवू पाहिले. त्याच अन्यायासाठी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहात त्याची होळी झाली. ती होळी योग्यच होती. पण म्हणूनच हे कलम त्या ग्रंथाच्या वारसांसमोर धरणे मला आवश्यक वाटते. मुंगीसाठी प्रायश्चित्त सांगणाऱ्यांनी झाडणाऱ्या माणसाला मोजलेच नाही, आणि ही चूक आज जातीच्या नावाऐवजी कंत्राटाच्या नावाने चालू आहे.

तिसरा आक्षेप असा की कामगार राजीखुशीने येतो, जोखीम त्याने पत्करलेली असते. पण माहीत नसलेली जोखीम पत्करता येत नाही. कॅनवरची सूचना इंग्रजीत आणि वाचणारा कन्नड किंवा संथाली बोलणारा असेल, तर त्याच्या होकाराला किती वजन द्यायचे? ज्याला माहीत आहे त्यालाही, उद्याचे काम दुसऱ्याला जाईल ही भीती असते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पोटासाठी तो हक्क विकावा लागेल अशी परिस्थिती निर्माण करणे हाच अन्याय आहे, असे मी त्यापुढे जाऊन म्हणेन.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि खरा आहे. हा धंदा चालवणारा बहुधा स्वतःच मशीन ओढणारा लहान माणूस असतो; तो मास्क, हातमोजे, प्रशिक्षण कुठून आणणार? कायदाही त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता साधारणपणे 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि तिच्यातल्या कंत्राटी कामगारांच्या तरतुदी 50 पासून सुरू होतात. तिघांची टोळी या जाळीतून सहज निसटते. पण पंचसूनांचा हिशेब इथेच उपयोगी पडतो, कारण तो केरसुणी धरणाऱ्याला विचारतच नाही. घर कोणाचे, एवढेच विचारतो. गालिचा ज्याचा, खोलीचे भाडे जो घेतो, त्याने दर ठरवतानाच हातमोजे, वाफ रोखणारा मास्क, खिडक्या उघड्या ठेवून सुकवायला लागणारा जादा दिवस आणि कामगाराच्या भाषेत वाचून दाखवलेली सूचना यांची किंमत त्यात धरली पाहिजे. सर्वांत कमी दराचे कोटेशन निवडताना कोणती गोष्ट वगळून तो दर कमी झाला, हे त्याने विचारले पाहिजे. पाहुण्यालाही यातून सूट नाही: सकाळी अकराला खोली रिकामी आणि दुपारी दोनला सुगंधित हवी असेल, तर त्या तीन तासांत खिडकी बंद करून फवारणारा माणूस त्याच्याही खात्यावर येतो.