कर्तृत्वाचे पाच वाटेकरी आणि ट्रकचा गिअर

एखादी क्रिया घडली की ती कोणी केली असे विचारले जाते आणि उत्तरादाखल बहुधा एका व्यक्तीचे नाव दिले जाते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र हे उत्तर अपुरे ठरवले आहे. तेथे सांख्यविचाराच्या आधारे प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याची दृष्टी सदोष असते, असा निष्कर्षही तेथे काढला आहे. कर्तृत्व असे वाटले गेले तर माणसाची जबाबदारीही वाटली जाऊन पातळ होते काय, हा त्यातून उद्भवणारा प्रश्न आहे. त्याच्या परीक्षणासाठी अवजड ट्रकचा गिअर बदलण्याची क्रिया विशेष उपयोगी पडते, कारण इच्छा आणि क्रिया यांच्यातील अंतर तेथे प्रत्यक्ष हाताला जाणवते.

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये ‘ईटन फुलर’ या नाममुद्रेचा ‘रोडरेंजर’ हा गिअरबॉक्स अनेक दशके प्रचलित राहिला असून त्याचे 10, 13 आणि 18 गिअरचे प्रकार प्रसिद्ध आहेत. तेथील महामार्गांवर सर्वसाधारणपणे 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन, एकूण वजनाला परवानगी असते. एवढे वजन ओढणारे डिझेल इंजिन मात्र मिनिटाला साधारण 1,000 ते 2,000 फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच नीट काम करते, म्हणून गिअर अनेक लागतात. 18 गिअरच्या रचनेत ‘लो’ आणि चार मुख्य गिअर असतात. ‘रेंज’च्या बटणाने चार मुख्य गिअरांची वरची मालिका मिळते आणि ‘स्प्लिटर’ प्रत्येक गिअरचे दोन भाग करतो. या गिअरबॉक्सच्या मुख्य भागात सिंक्रोमेश, म्हणजे फिरणाऱ्या भागांची गती घर्षणाने आपोआप जुळवणारी कडी, नसते. त्यामुळे चालक क्लच दाबून न्यूट्रलमध्ये येतो, क्लच सोडून इंजिनाचे फेरे आवश्यक तेवढे उतरू देतो किंवा चढवतो, आणि पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकतो. यालाच ‘डबल क्लच’ म्हणतात. गती जुळली नाही तर दाते करकरतात आणि गिअर पडत नाही.

या क्रियेत पाचही कारणे वेगळी ओळखता येतात. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये, असा अर्थ आहे. तो थोडा विस्तारला तर गाडी आणि रस्ता हे अधिष्ठान ठरतात, चालकाच्या हातापायांबरोबर क्लच व दांडा ही करणे होतात, आणि ठरावीक क्रमाने होणाऱ्या हालचाली या चेष्टा होतात. दैवाच्या अर्थाबाबत भाष्यकारांत मतभेद आहे: शंकराचार्य इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता असा अर्थ घेतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा असा घेतात. दोन्ही अर्थांत कर्त्याच्या इच्छेपलीकडचे काहीतरी क्रियेत सहभागी असते, आणि येथे एवढाच अंश पुरेसा आहे. चढावर दांडा न्यूट्रलमध्ये असतानाच गाडीचा वेग घटत जातो आणि क्षणापूर्वी योग्य असलेला गिअर अयोग्य ठरतो. चालकाच्या निश्चयाने त्या चढात काही फरक पडत नाही.

निरनिराळ्या गिअरबॉक्सांची तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 10 गिअरच्या प्रकारात लगतच्या दोन गिअरांमध्ये मिनिटाला सुमारे 400 फेऱ्यांचा फरक पडतो, तर 18 गिअरच्या प्रकारात स्प्लिटर वापरल्यास तो साधारण निम्मा होतो. म्हणजे जुळवणी सोपी होते, पण कोणता गिअर घ्यावा याचे निर्णय वाढतात. युरोपीय ट्रकांत 16 गिअरचे सिंक्रोमेश असलेले गिअरबॉक्स रुळले, आणि व्होल्वोने 2001 मध्ये आणलेल्या ‘आय-शिफ्ट’मध्ये जुळवणीचे काम संगणकाकडे गेले. विशेष म्हणजे त्याच्या मुख्य गिअरांना सिंक्रोमेश नाही, म्हणून चालक जे पायाने आणि कानाने साधत असे तेच संगणक मोजमापाने साधतो. जुळवणीची गरज कोठेही नाहीशी झाली नाही. ती कोणी भागवायची एवढेच बदलले. त्यामुळे सिंक्रोमेश नसलेला गिअरबॉक्स चालकाला अधिक सत्ता देतो हा समज उलटा ठरतो, कारण तो चालकाला आपल्या सत्तेची मर्यादा दाखवतो. जेथे क्रिया विनासायास घडते तेथे उरलेली चार कारणे दृष्टीआड होतात आणि एकट्याच्या कर्तेपणाचा भ्रम बळावतो.

तरीही जबाबदारी पातळ होत नाही. कोलोरॅडोत आयझेनहावर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे जाणाऱ्या मार्गाला सुमारे 7 टक्के उतार आहे. अशा उतारावर गिअर पडला नाही तर ट्रक न्यूट्रलमध्ये राहतो, इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर येऊन ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणूनच उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा असा नियम आहे. उतार दैवाच्या बाजूचा असला तरी तो येणार हे आधी जाणणे कर्त्याच्या बाजूचे असते. यश आणि दायित्व यांचे हिशेब वेगळे आहेत, असे यावरून म्हणता येते: गिअर नीट पडल्याचे श्रेय पाचांमध्ये वाटले जाते, परंतु जाब एकट्या कर्त्याला विचारला जातो, कारण पाचांपैकी उरलेल्या चारांना ओळखून त्यांच्याशी आपले वर्तन जुळवण्याची आणि त्या वर्तनाचे उत्तर देण्याची पात्रता त्याच्याचकडे असते. कर्तेपणाचा अहंकार सोडणे म्हणजे जबाबदारी सोडणे नव्हे. उलट तो सुटल्याशिवाय जबाबदारी नेमकी कोठे आहे हे दिसतच नाही.