वैद्याची विद्या आणि वैद्याचे पोट

विद्येने पोट भरावे की नाही, हा वाद जुनाच आहे. परंतु वैद्याच्या बाबतीत त्यास निराळीच धार येते. वकील चुकला तर अशिलाचे द्रव्य जाते, वैद्य चुकला तर दुसऱ्याचा देह जातो. म्हणून वैद्याने चरितार्थासाठी काय पत्करावे, हा प्रश्न केवळ त्याच्या घरचा राहत नाही.

नागपूरनजीकच्या कोराडीचेच उदाहरण घेऊ. तेथे जगदंबेचे देवस्थान आहे, आणि कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्रही आहे. अशा गावी आयुर्वेदाचार्य ही पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणाने दवाखाना थाटला, अशी कल्पना करावी. साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी करून तो आलेला आहे. रात्रपाळी करून आलेला कामगार त्यास म्हणतो, "डॉक्टरसाहेब, काढेबिढे नकोत; एक सुई द्या, उद्या कामावर जायचे आहे." प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे देण्याची मुभा महाराष्ट्रात अशा पदवीधरास आहे. तो सुई देतो. हळूहळू अरिष्टे-आसवे फळीवर धूळ खात राहतात.

यावर एक पक्ष म्हणतो, हा स्वधर्म सोडून गेला; दुसरा म्हणतो, हा परक्या घरात शिरला. 2020 साली शल्य व शालाक्य या शाखांच्या पदव्युत्तर वैद्यांना 58 शस्त्रक्रियांची मोकळीक मिळाली, तेव्हा आधुनिक डॉक्टरांच्या संघटनेने संप पुकारला. पुढे 2023 साली गुजरातेतील एका प्रकरणात, दोहोंचे काम समान नसल्यामुळे समान वेतनाचा हक्क पोहोचत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायालय वेतनाचा निवाडा करील. विवेकाचा निवाडा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

आमच्या मते या प्रश्नाची किल्ली चरकसंहितेतच आहे. तेथे वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, वारंवार पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. यांतील शेवटचे दोन माणसाबरोबर कोठेही जातात. पहिल्या दोहोंचे तसे नाही. ते त्या त्या शास्त्राशी बांधलेले असतात, आणि दुसऱ्या क्षेत्रात ते पुन्हा मुळापासून मिळवावे लागतात. पदवीबरोबर चारही आपोआप चालत येतात असे मानणे, हाच खरा दोष होय.

या दृष्टीने पाहता व्यवसाय बदलण्यात कमीपणा नाही. 2014 पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर पुष्कळ आयुर्वेद पदवीधर काम करीत आले आहेत. सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेऊन कित्येक जण ग्रामीण उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी झाले. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत कच्च्या वनस्पतींची पारख करणारा जाणता मनुष्य लागतोच. नागपुरात बैद्यनाथसारख्या संस्थेचा व्यापही आहे. ही सर्व कामे सन्मानाची आहेत. अट एवढीच की, नवे काम नव्याने शिकलेले असावे.

कोणी विचारील, मग साडेचार वर्षे फुकट गेली काय? मुळीच नाही. पाळ्यांत काम करणाऱ्यास झोप केव्हा लागते, तो जेवतो केव्हा, नागपूरच्या उन्हाळ्यात पितो काय, हे निवांतपणे विचारण्याची सवय दिनचर्या व ऋतुचर्या शिकलेल्यास लागलेली असते. घाईच्या दवाखान्यात ती दुर्मिळ आहे. परंतु त्याच कामगाराचा खोकला पंधरा दिवस हटत नसेल, तर थुंकी तपासावयास व छातीचे चित्र काढावयास पाठविणे, हीही शुचिताच होय.

शेवटी एक शब्द पालकांसाठी. आधुनिक वैद्यकाला गुण पुरले नाहीत, निदान नावामागे 'डॉक्टर' तरी लागेल, एवढ्याच हिशेबाने आपण मुलांस या शास्त्राकडे धाडतो. आणि पुढे त्यांना त्या शास्त्राविषयी निष्ठा का नाही, म्हणून तक्रार करतो. ज्या विद्येचा आपण प्रवेशापूर्वीच अव्हेर केला, ती पदवीनंतर मुलाने मस्तकी धरावी, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. मुलास प्रथमच विचारावे: तुला हे शास्त्र हवे आहे, की केवळ पाटी? पाटीच हवी असेल, तर तिचे मोल पुढे कोराडीसारख्या गावातील कोणा अनोळखी रोग्यास द्यावे लागेल.