आजचं चिंतन : धरला आणि सोडला, पण सुटला का?



आपलं एकादश स्कंधाचं वाचन सध्या अवधूताच्या चोवीस गुरूंपाशी आहे. यदुराजाने विचारलं, तू इतका निश्चिंत कसा? आणि अवधूताने पृथ्वीपासून सुरुवात करून एकेक गुरू सांगायला घेतला. परवा मध काढून नेणारा झाला, काल हरीण झालं. आज आठव्या अध्यायातले १९ ते २१ हे तीन श्लोक. आजचा गुरू मासा.

अर्थ थोडक्यात सांगतो. मासा आमिषाच्या चवीला भुलून गळाला लागतो आणि मरतो. जिभेच्या ताब्यात गेलेल्या माणसाचंही तसंच होतं. पुढचा श्लोक जरा जास्त टोचतो. उपाशी राहून बाकीची इंद्रियं लवकर ताब्यात येतात म्हणे, जीभ मात्र येत नाही. उपाशी माणसाची तिची ओढ उलट वाढते. आणि तिसरा श्लोक म्हणतो, जीभ जिंकेपर्यंत कुणी स्वतःला जितेंद्रिय म्हणवून घेऊ नये.

एरवी मी इथे साबुदाण्याच्या खिचडीवर दोन विनोद करून मोकळा झालो असतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण या श्लोकापाशी आलो की मला खिचडी आठवत नाही, रेवदंड्याची खाडी आठवते. तिथे मी एक चूक केली होती. ती आज लिहून टाकतो.

वैशाखातला रविवार होता. ऑफिसमधले आम्ही तिघं आदल्या संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो आणि अलिबाग, चौल करत रेवदंड्याला पोचलो. एका मित्राला गळाने मासे धरायचा नाद आहे. उन्हाळ्यात खाडीत अशा ट्रिपा होतात. होडी, रॉड, नकली मासे आणि वाट दाखवणारा माणूस, सगळं एकत्र मिळतं. खोल समुद्रात जायचं नाही. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्याच पाण्यात तिवरांच्या कडेकडेने फिरायचं. आणि जो मासा लागेल तो फोटो काढून परत सोडायचा. या शेवटच्या नियमावरच मी तयार झालो होतो.

गाइड म्हणजे तिथलेच एक कोळी काका. साठीचे असतील. पहाटे होडी पाण्यात ढकलता ढकलता ते म्हणाले, “आज एकादस. अकराचा पाऊनपट, सव्वाआठला पानी पुरा भरंल. त्याच्या आदी जितारा खातो.”

हा हिशेब मला तेव्हा माहीत नव्हता. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आपण तिथी बघायला ॲप उघडतो, काकांची तिथी पाण्यात लिहिलेली असते.

“तुमी करता एकादस?” त्यांनी विचारलं.

“करतो की,” म्हणून मी पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू दाखवला. माझ्या डोक्यातला हिशेब अगदी चोख होता. मासा खाणार नाही, मारणारही नाही, सोडून देणार. म्हणजे उपवासाला धक्का नाही.

“आमी आज जाला नाय टाकत,” काका म्हणाले.

“मग आज आलात?”

“गिऱ्हाईक आला त नाय कसा बोलू? जूनपासून होडी वर.”

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. त्याआधीचा मे महिना म्हणजे कमाईचे शेवटचे दिवस. माझ्या बुकिंगमुळे या माणसाची एकादशी मोडली, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला ते फक्त ऐकू आलं.

पावणेआठच्या सुमाराला माझा रॉड वाकला. पाण्यातून एक रुपेरी अंग अर्धं वर आलं, डोकं झाडलं आणि परत खाली गेलं. काका ओरडले, “जितारा! मोठा हाय!” पुढची पंधरा-वीस मिनिटं मला दुसरं काहीही आठवत नाही. नाम नाही, श्वास नाही, मित्र नाहीत. दोरी, रॉड आणि पलीकडून ओढणारा जीव, एवढंच जग होतं. खोटं कशाला बोलू, त्या पंधरा मिनिटांत जी एकाग्रता आली ती मला जपाला बसून कधी आली नाही.

सात-आठ किलोचा जिताडा होता. त्याला होडीत घेतला. गळ काढायला वेळ गेला, कारण गळाचा उलटा काटा आत रुतला होता. मग फोटो. मी जबड्याला धरून त्याला उभा लटकवला. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात सूर्य पाठीमागे आला. “अजून एक, अजून एक,” असं करत किती वेळ गेला कोण जाणे. मधे एकदा तो हातातून निसटून तापलेल्या फळीवर आपटला. शेवटी मी त्याला मोठ्या मायेने पाण्यात सोडला. “जा बाबा,” असं म्हणालोसुद्धा. त्याचा व्हिडिओ आहे.

तो गेला नाही. कुशीवर वळला, पोट वर आलं आणि भरतीबरोबर हळूहळू आत वाहू लागला.

काकांनी होडी वळवली. वाकून त्याला दोन्ही ओल्या हातांनी आडवा धरला, तोंड पाण्याच्या धारेकडे केलं आणि तसेच बसून राहिले. कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. दहा मिनिटं तरी कुणी काही बोललं नाही. कल्ले दोन-चारदा हलले, मग थांबले.

नंतर मी वाचलं, तेव्हा माझ्या सगळ्या चुका एका ओळीत उभ्या राहिल्या. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणून उन्हाळ्यात माशाला जास्त वेळ झुंजवू नये. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा फळीवर तो खरवडला जातो. वजनदार मासा जबड्याला धरून लटकवू नये. गळाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवावा. फोटो काढायचाच तर मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा. हे जाणणारे लोक हे सगळं पाळतात आणि त्यांचे बरेच मासे जगतातही. मला ते जाणून घ्यायची गरजच वाटली नव्हती. “सोडणार आहे ना” या तीन शब्दांवर मी निवांत होतो.

काकांनी मासा होडीत घेतला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “आमी धरतो ते खातो तरी. तुमाला खायचा नाय, इकायचा नाय. मंग धरलात कशाला?”

संध्याकाळी त्यांचा फोन आला. एकादशी म्हणून घरात कुणी खाणार नव्हतं, शेजारी दिला होता. “फुकट नाय गेला,” ते म्हणाले. आणि मग, “पोटात गाभोली निगाली.” जिताडा आयुष्याची पहिली वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा बहुधा मादीच. पावसाळ्याच्या तोंडावर ती नदीच्या मुखाशी अंडी घालते. मी जिला “जा बाबा” म्हणालो, ती आई होणार होती.

तर मंडळी, “धरलात कशाला?” या प्रश्नाचं उत्तर मला आजच्या तीन श्लोकांत सापडलं.

श्लोकातल्या माशाला निदान आमिषाची चव तरी मिळते. माझ्या गळाला आमिषही नव्हतं. प्लास्टिकचा रंगवलेला मासा होता, आत काही नाही. जिताडा नुसत्या लकाकीवर झेपावला. आणि मी कशावर झेपावलो? तेही लकाकीवरच. एक फोटो, त्याखाली येणारे बदाम आणि हाताला बसणारा तो झटका. पोटात काहीच जाणार नव्हतं. दोरीच्या दोन टोकांना दोन मासे होते. एकाचा जीव गेला, दुसऱ्याला वाटत होतं आपला उपवास चालू आहे.

दुसरा श्लोक मला आता वेगळा दिसतो. उपाशी माणसाची रसना वाढते, ती फक्त खाण्याची नाही. संस्कृतात रस म्हणजे चवही आणि गोडीही. मी जिभेला राजगिऱ्याच्या लाडवावर ठेवलं होतं आणि तिची भूक हाताला, डोळ्याला देऊन टाकली होती. पोटाच्या भुकेला एक चांगली गोष्ट आहे, ती भरते. काकांचं घर चार मासे खाऊन उठतं. “अजून एक” म्हणणारी भूक मात्र भरत नाही, कारण ती पोटात नसतेच.

मग सोडून देण्याचं काय? त्यात दया नाही का? याचं उत्तर शोधताना मला आठव्या स्कंधातला चोविसावा अध्याय आठवला. राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करत होता. त्याच्या ओंजळीत एक छोटासा मासा आला. राजाने काय केलं? पाण्यासकट तो नदीत परत सोडला. आपल्याला वाटेल, संपलं, पुण्य झालं. पण मासा म्हणाला, मोठे मासे मला खातील, तू दयाळू म्हणवतोस, मग मला असा टाकतोस कसा? राजाने त्याला कमंडलूत घेतला, मग मोठ्या भांड्यात, मग सरोवरात, शेवटी समुद्रापर्यंत नेला. तो मासा कोण होता, हे त्याला फार उशिरा कळलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून मत्स्यावताराची म्हणून ऐकली. आता मला तिच्यात एवढंच दिसतं, की सोडलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. सत्यव्रताच्या ओंजळीत तर मासा आपणहून आला होता. मी त्याला ओढून आणला होता. माझ्यावर किती जास्त होती!

आता तुमच्यातले काही म्हणतील, हा शाकाहाराचा प्रचार आहे. नाही. आमच्या घरी मासे खातात आणि कोळ्याच्या धंद्याला नावं ठेवायचा मला काहीच अधिकार नाही. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकत होता आणि एका तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला त्याच्याच दुकानापाशी जावं लागलं होतं. तेव्हा नुसत्या धंद्यावरून कुणाला पापी ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. मित्र म्हणतो, या ट्रिपांमुळे जिवंत माशाला किंमत येते. एक मासा बाजारात एकदाच विकला जातो, खाडीत राहिला तर दहा गिऱ्हाइकं आणतो. मग गावालाही वाटतं, तिवरं तोडू नयेत, लहान मासे मारू नयेत. हे मला पटतं. तो माझ्याहून शंभरपट काळजीने मासा हाताळतो, हेही खरं. त्याच्यासाठी माझ्याकडे निवाडा नाही. पण हा विचार खाडीच्या भल्याचा आहे. त्या दिवशी सकाळी माझ्या मनात खाडीचं भलं नव्हतं. ते कारण मागाहून उसनं घेऊन मी स्वतःला सोडवलं, तर तोही एक गळच.

मी माझ्यापुरतं ठरवलं, ज्याची मला भूक नाही त्याला धरायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात काकांना फोन केला आणि विचारलं, नुसतं खाडी बघायला न्याल का, रॉडशिवाय? ते हसले. म्हणाले, “पैशे तेवढेच लागतील.” दिले. या वेळी जाताना तिथी आधी बघितली होती. एकादशी नव्हती. कोर्लईच्या किल्ल्यावर ऊन येईपर्यंत आम्ही तिवरांत बसून होतो. एकदा जवळच मोठा आवाज करून काहीतरी उसळलं. माझा हात आपोआप रॉडसाठी पुढे गेला. रॉड नव्हता. काकांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

म्हणजे ओढ गेलेली नाही. तिसरा श्लोक अजून माझ्यापासून बराच लांब आहे.

आजचा अभ्यास छोटा आहे. दिवसभरात ज्या ज्या गोष्टीसाठी हात पुढे जाईल, मग तो फोन असो, उगाच चाळलेली खरेदी असो की कुणाला चिमटा काढायची संधी असो, तिथे एकदा काकांचा प्रश्न विचारा : खायचं नाही, विकायचं नाही, मग धरतोस कशाला? उत्तर लिहून ठेवा, कुणाला दाखवू नका.

उद्या पिंगला. श्लोक बरेच आहेत, सकाळी थोडं लवकर बसू.

श्रीकृष्णार्पणमस्तु. रामकृष्णहरी!