परगावच्या माणसाचा अधिकार

एखादे शहर सुसंस्कृत आहे किंवा नाही, याची पारख तेथील प्रासाद, संग्रहालये आणि राजमार्ग पाहून करण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु माझ्या मते या परीक्षेचे खरे स्थळ म्हणजे त्या शहराचे स्थानक किंवा बसचा थांबा होय, जेथे कोणाची ओळख नसलेला, भाषा न येणारा आणि गाठीशी मोजकेच दिवस असलेला मनुष्य प्रथम उभा राहतो व आता आपण कोणीकडे वळावे, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. त्या प्रश्नाचे उत्तर शहराने आधीच लिहून, सर्वांना दिसेल असे लावून ठेवले असेल, तर ते शहर या अनोळखी माणसाला हक्कदार मानते असे म्हणावे. आणि उत्तर जर कोणाच्या तरी तोंडी असेल, तर तो बिचारा सांगणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, मग ती मर्जी कितीही दयाळू असो.

आर्णीला आजही रेल्वे नाही. अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव नागपूर–तुळजापूर रस्त्यावर वसलेले असून येथील माणसाचा बाहेरच्या जगाकडे जाण्याचा मार्ग एसटीच्या स्थानकातून सुरू होतो. तरीसुद्धा या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून युरोपास जाऊन येणे ही आता पूर्वीइतकी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी पुण्याहून नोकरीनिमित्त लंडनला, ॲम्स्टरडॅमला अथवा फ्रँकफर्टला जाते आणि सेवानिवृत्त आईवडील त्यांच्याकडे काही दिवस मुक्कामास जातात. मुले दिवसभर कचेरीत असतात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या अफाट शहरात एकट्याने बाहेर पडावे की न पडावे, या विवंचनेत या वडीलधाऱ्यांचा निम्मा मुक्काम सरतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात अध्ययनासाठी गेले आणि १९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेस हजर राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपले अपुरे राहिलेले अध्ययन पुरे करण्यासाठी १९२० साली पुन्हा लंडनला गेले. या थोर पुरुषांना परके शहर अंगवळणी पाडून घेण्यास वर्षे मिळाली. आजच्या पाहुण्याला ती सवड नाही, म्हणून त्याच्या बाबतीत शहराचे उत्तरदायित्व अधिक मोठे आहे.

या अडचणीवर आपल्या समाजाने काढलेला तोडगा म्हणजे यात्रा कंपनीची सहल. तिचे श्रेय मी नाकारीत नाही. भाषेच्या आणि जेवणाच्या भीतीने ज्यांनी जन्मभर उंबरठा ओलांडला नसता, अशा सहस्रावधी मराठी स्त्रीपुरुषांना या सहलींनी आल्प्सची शिखरे दाखविली, परमुलखात वरणभात खाऊ घातला आणि सोबतीला आपल्या भाषेत बोलणारा माणूस दिला. परंतु या बंदोबस्तात प्रवाशाच्या हातून एक मोलाची गोष्ट निसटते. दहा-बारा दिवसांत चार-पाच देश पाहताना तो ज्या काचेआडून शहर पाहतो, त्या काचेपलीकडे त्या शहराचे लोक ज्या रीतीने कामावर जातात, रांगा लावतात, म्हाताऱ्याला जागा देतात, चुकलेल्याला वाट दाखवितात, ती रीत त्याच्या अनुभवास येत नाही. आणि युरोपातील शहरांचे सर्वांत मोठे कर्तृत्व, निदान माझ्या समजुतीप्रमाणे, आयफेल मनोऱ्यापेक्षा या सार्वजनिक रीतीतच आहे. थोडेच दिवस हाताशी असतील तर पाच राजधान्यांना स्पर्श करून येण्यापेक्षा एकाच शहरात राहावे, आणि तेथेही सारे काही पाहण्याचा हव्यास सोडून, एखादे ठिकाण मनाशी धरून आपल्या पायांनी व त्या शहराच्या गाडीने तेथवर पोचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

विदर्भातून लंडनला जाणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात असे एक ठिकाण आधीपासूनच असते: १०, किंग हेन्रीज रोड. या घरात बाबासाहेब राहिले; भिंतीवरील पाटीवर १९२१–२२ ही वर्षे कोरलेली आहेत. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. त्या शांत वस्तीत पाहुण्यांची वर्दळ वाढेल अशा हरकती निघाल्या, स्थानिक नगरपरिषदेने संग्रहालयास मज्जाव केला, आणि अखेर २०२० साली ब्रिटिश शासनाने परवानगी दिली. म्हणजे दूरदेशीच्या माणसाने या रस्त्यावर यावे की न यावे, याचाच तो निवाडा होता म्हणा ना! आता तेथे जावयाचे कसे? हीथ्रो विमानतळाहून पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअरपर्यंत यावे, तेथे नॉर्दर्न लाइनची उत्तरेकडील गाडी धरावी, चॉक फार्मला उतरावे आणि रुळांवरचा पूल ओलांडून थोडे चालावे. एवढाच हा मार्ग, परंतु त्यात एक मेख आहे. नॉर्दर्न लाइनला कॅम्डन टाउनपाशी फाटा फुटतो. एक शाखा एजवेअरकडे जाते, दुसरी हाय बार्नेटकडे. चॉक फार्म एजवेअरच्या वाटेवर असल्यामुळे दुसऱ्या गाडीत बसलेला मनुष्य केंटिश टाउनला जाऊन पोचतो. फलाटावरील पाटीवर मात्र येणारी गाडी कोठवर जाणार आणि किती मिनिटांनी येणार, हे दोन्ही लिहिलेले असते. परतीच्या गाडीवर तर ती बँक या स्थानकावरून जाणार की चेरिंग क्रॉसवरून, हेही सांगितलेले असते. यवतमाळहून दिग्रसला जाणाऱ्या ज्या माणसाला दारव्हा मार्गे जाणारी गाडी निराळी आणि आर्णी मार्गे जाणारी निराळी, हे पाटी वाचून कळते, त्याला लंडनची ही विद्या अवघड वाटण्याचे कारण नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे आणि घाईत असलेल्यांना डावी बाजू मोकळी सोडावी, एवढा दंडक पाळला की तो त्या गर्दीत परका दिसतही नाही.

ही सुलभता आपोआप आलेली नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ च्या जानेवारीत पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, आणि पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे बोगदे खोदून एवढा गुंता करून ठेवला की नकाशावर शहराचे खरे अंतर दाखवू गेल्यास मध्यभागी स्थानकांची नावे एकमेकांवर चढत आणि कडेला नुसती मोकळी जागा उरे. १९३१ साली हॅरी बेक नावाच्या आरेखकाने फावल्या वेळात एक निराळा नकाशा काढला. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला मैलांचा हिशेब नको असतो, कोणत्या स्थानकानंतर कोणते आणि गाडी कोठे बदलावयाची एवढेच त्याला हवे असते, हे ओळखून त्याने सर्व मार्ग उभ्या, आडव्या व तिरप्या सरळ रेषांत बसविले आणि शहराच्या खऱ्या भूगोलापैकी केवळ थेम्स नदी तेवढी ठेवली. अधिकाऱ्यांनी तो प्रथम नाकारला, १९३३ साली मात्र छापला, आणि लोकांनी तो हातोहात उचलला. त्याआधीच, १९१६ साली, एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून स्थानकांवरील पाट्यांसाठी खास अक्षरे वळवून घेतली गेली होती. अक्षराचे वळण, रेषेचा रंग, बाणाची दिशा या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींत एवढी बुद्धी खर्चण्यामागे एक नैतिक भूमिका होती असे मी मानतो: जो येथे प्रथमच येत आहे आणि पुन्हा कदाचित कधीच येणार नाही, त्याच्या गोंधळाची जबाबदारी त्याच्यावर नसून आपल्यावर आहे.

अर्थात युरोपातही हे औदार्य सर्वत्र सारखे नाही. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड यंत्रास लावूनच चढावे लागते, प्रत्येक माणसाचे कार्ड वेगळे हवे, आणि एकाच खात्याचे कार्ड व मोबाइल हे त्या यंत्राच्या लेखी दोन निराळे प्रवासी असतात, त्यामुळे भुयारी रेल्वेत चढताना कार्ड व उतरताना मोबाइल लावणाऱ्याकडून दोन्ही वेळा जबर भाडे वसूल होण्याचा संभव असतो. बर्लिन आणि व्हिएन्ना येथे स्थानकावर फाटकच नाही, प्रवाशाच्या सचोटीवर तेथे विश्वास टाकलेला आहे. परंतु कागदी तिकीट प्रवासापूर्वी छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, आणि हा दस्तूर ठाऊक नसलेला परका मनुष्य तिकिटाचे पैसे मोजूनही दंडास पात्र ठरतो. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. तिच्या जुन्या स्थानकांत लिफ्ट क्वचितच सापडते, १९९८ साली सुरू झालेली चौदाव्या क्रमांकाची मार्गिका काय ती गुडघे धरलेल्या माणसासाठी सोयीची. लंडनमध्येही पायऱ्या न चढता गाडीपर्यंत पोचता येईल अशी भुयारी स्थानके सुमारे एक तृतीयांशच आहेत. म्हणून वयस्कर पाहुण्याने दुमजली बसवर भर द्यावा. ती सावकाश जाते, पण प्रत्येक थांब्याचे नाव पुकारते व अक्षरांत दाखविते, तासाच्या आत दुसरी बस पकडल्यास निराळे भाडे लागत नाही, आणि शहर उजेडात दिसते.

मौखिक ज्ञानाचा मी अवमान करीत आहे असे कोणी समजू नये. आर्णीच्या स्थानकावर अनोळखी माणसाने विचारणा केली तर चहावाला, वाहक, शेजारी उभा असलेला शेतकरी असे तिघेजण उत्तर देतात आणि त्यांतला एखादा गाडीत बसवूनही देतो. ही माया लंडनच्या कोणत्याही नकाशात नाही. पण ज्याला विचारता येते त्याच्याच वाट्याला ती माया येते. माहूरच्या रेणुकेला निघालेला तेलुगू भाषक यात्रेकरू, केळापूरकडून आलेली कोलामी बोलणारी बाई, आर्णीतील बाबा कंबलपोशांच्या दर्ग्याच्या उरुसाला प्रथमच आलेले कुटुंब, किंवा अंधार पडल्यावर चारचौघा पुरुषांत तोंड उघडण्यास संकोचणारी तांड्यावरची मुलगी, यांचे काय? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. हे दोन्ही निर्णय मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांनी जन्मात एकट्याने प्रवास न केलेल्यांना फाटकापाशी आणून उभे केले. आता तेथे त्यांच्यासाठी लिहून ठेवण्याचे काम मागे राहिले आहे, आणि त्याला बोगदे खोदावे लागत नाहीत, कोट्यवधींची तरतूद लागत नाही.

तालुक्याच्या प्रत्येक स्थानकावर, दिव्याच्या उजेडात वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरांत, एक फलक असावा. त्यावर कोणती गाडी कोणत्या मार्गे जाते याची साधी रेषाकृती असावी, आणि जिला अक्षर येत नाही तिच्यासाठी प्रत्येक मार्गाला एक रंग असावा, जो गाडीच्या पाटीवरही लावलेला असेल. माहूरकडची शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि ती चुकल्यास रात्री बायकामाणसांना थांबण्याची जागा कोठे आहे, ही दोन उत्तरे सर्वांत वर लिहावीत. नवरात्रात आणि उरुसाच्या दिवसांत तीच तेलुगू आणि उर्दूतही लिहावीत. वेळापत्रक बदलले की त्याच दिवशी फलक बदलण्याचे काम स्थानकावरील एका नेमक्या माणसाकडे सोपवावे आणि त्याचे पद फलकाच्या खालीच नमूद करावे, म्हणजे उत्तर चुकले तर दाद कोणाकडे मागावयाची, हेही परगावच्या माणसाला कोणाला न विचारता कळेल.